पोरावर केस होण्याआधीच्या कामाला अनुदान मिळतं का? (तुर्भे)

नाक्यावरचा_कोच
नमस्कार मंडळी. नवी मुंबईत तुर्भे स्टोअरला आमचा कबड्डीचा गट आहे. कबड्डी नावाला. खरं काम म्हणजे संध्याकाळी पोरांना नाक्यावरून उचलून मैदानात आणायचं. तेरा ते सतरा वयाची पोरं, आईबाप दोघंही मार्केटला नाहीतर एमआयडीसीत. कुणाच्या स्टेटसला भाईचा फोटो, कुणाच्या वाढदिवसाला तलवारीने केक, आणि पलीकडच्या गल्लीतल्या कुणी खुन्नसने बघितलं की राडा. राडा व्हायच्या आत मिटवायला आमचा एक जण आहे, याच वस्तीत वाढलेला, एकेकाळी स्वतः त्यातलाच. मध्यरात्री फोन आला तरी जातो. पोरं त्याचं ऐकतात, माझं नाही.

त्याला दरमहा काहीतरी पगार मिळावा, एवढंच मागतोय. पण जाईन तिथे पैसे टी-शर्टला, बॅनरला, 'जनजागृती शिबिरा'ला. एका कार्यालयात विचारलं, "यातल्या किती मुलांवर केस आहे?" म्हटलं, एकावरही नाही, तेच तर आमचं काम. "मग आमच्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या सदरात, बसत नाही." दुसरीकडे रक्कम मंजूर झाली ती मार्च सरता सरता, आणि एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवा! शेवटी चटया घेतल्या.

अशा कामाला नक्की कुठला पैसा लागू पडतो? आणि सगळे पोरांचे फोटो मागतात, त्याचं काय करायचं?

जमाखर्च_ठाणे
दादा, ठाण्यात एका संस्थेचे हिशेब लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून सांगते. आधी फोटोचं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाचं, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याची केस आहे अशा मुलाचं, नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या पोरांवर केस नाही, म्हणून आज हे कलम सरळ लागू होत नाही. पण उद्या एकाला पोलीस स्टेशनला नेलं, की तुमचा जुना बॅनर त्याची ओळख सांगत फिरणार. पाठमोरे फोटो द्या आणि पत्रात कलम लिहा. कलमाचा आकडा दिसला की साहेबलोक सहसा पुढे विचारत नाहीत.

आता पैसा. मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या सरकारी योजनेचा निधी केंद्र ६० आणि राज्य ४० अशा वाट्याने येतो, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत फिरतो. तो मुख्यतः बालगृहं, निरीक्षणगृहं आणि बाल न्याय मंडळ किंवा बाल कल्याण समितीसमोर आलेली मुलं यांच्यासाठी. म्हणजे तुमचे ते साहेब चुकीचं बोलले नाहीत, रचनाच तशी आहे. ज्या पोरांचे वडील गेलेत किंवा अंथरुणाला खिळलेत, त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये. त्याचे फॉर्म जरूर भरून द्या, घरातली ओढाताण थोडी कमी होते. पण तुमच्या माणसाला त्यातून छदाम मिळणार नाही.

त्याच्या पगारासाठी टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे तुमच्याकडच्या एमआयडीसीतल्या, कंपन्यांकडे सीएसआरचा (सामाजिक कामासाठी ठेवलेला) पैसा मागा. "आम्हाला पगाराला पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही" असं सांगतील. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे, मैदानावर राबणाऱ्या माणसाला नाही. आणि अर्ज एका वर्षाचा करू नका, 'ऑनगोइंग प्रोजेक्ट', म्हणजे अनेक वर्षं चालणारा प्रकल्प, म्हणून करा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालू शकतो, मग मार्चचं भूत मानगुटीवर बसत नाही. अट एक, संस्था नोंदणीकृत हवी, १२ए, ८०जी (आयकर खात्याच्या नोंदण्या) आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. गट नोंदवलेला नसेल तर एखाद्या जुन्या ट्रस्टच्या छत्राखाली जा, पण करार लेखी करा.

कळंबोलीकर
छोटी भर. आमच्याकडेही असंच काम चालतं. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच, पण कळंबोली, कामोठे, खारघर रायगड जिल्ह्यात. त्यामुळे बाल संरक्षणाचे कागद तुमच्यासारखे ठाण्याला नाही, अलिबागला. तुमची दोन पोरं खाडीपलीकडे राहायला गेली तर हा घोळ लक्षात ठेवा.

ऐरोलीची_लेक
मी आता सॅक्रामेंटोत असते. इथे कॅलिफोर्निया राज्याचं कॅलव्हिप नावाचं अनुदान २०१७ पासून आहे, नेमकं तुमच्यासारख्या कामाला, म्हणजे गोळीबार होण्याआधी मध्ये पडणाऱ्या वस्तीतल्या माणसांना. शहराला अनुदान मिळालं तर किमान निम्मा पैसा वस्तीतल्या संस्थांना किंवा पोलीस सोडून इतर यंत्रणांना द्यावाच लागतो. जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांवर राज्याने ११ टक्के कर लावला, तो पैसाही इकडे येतो. फार भुलू नका मात्र. एप्रिल २०२५ मध्ये इथल्या केंद्र सरकारच्या न्याय खात्याने शेकडो चालू अनुदानं मध्येच रद्द केली आणि अशा कित्येक संस्थांचा पैसा तुटला. तरी तो 'निम्मा' वाला नियम मला आवडतो. आपल्या महापालिकेच्या महिला व बालकल्याण बजेटमध्ये असा एखादा हेड मागायला काय हरकत आहे?

नाक्यावरचा_कोच
काकू, पाच टक्क्यांचं मलाही दोन ठिकाणी ऐकवलंय, आता बघतो. पालिकेकडे हेड मागायचा तर नगरसेवकाला गाठावं लागेल, आणि मग मैदानावर त्याचा बॅनर लागणार. तरी बघू.

एक अडचण सांगायची राहिली. आमच्या त्या माणसावर मारामारीची जुनी केस आहे. सतरा वर्षांचा होता तेव्हाची, बाल न्याय मंडळापुढे चालली. चारित्र्य पडताळणी मागतील, आणि तोच नको म्हणतील.

जमाखर्च_ठाणे
मंडळानेच निकाल दिला ना, बालन्यायालयात प्रौढ म्हणून चालली नव्हती ना? मग त्याच कायद्याचं कलम २४ वाचा. त्या प्रकरणामुळे त्याला कशालाही अपात्र ठरवता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर तो रेकॉर्डही नष्ट करायचा असतो. मंडळाच्या आदेशाची प्रत त्याच्याकडे असेल तर जपून ठेवायला सांगा. अर्जात भरण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा, फी लागत असेल का तेही तिथेच विचारा. आणि हो, किती भांडणं मिटवली त्याची तारीखवार वही घाला. पोरांची नावं नकोत, फक्त गल्ली आणि कारण. कंपनीवाले पहिल्या भेटीत तीच मागतील.