जात्यावरच्या ओव्या विसरू नका

मराठीत स्त्रियांचा आवाज ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकापासून (१८८२) सुरू झाला, असं म्हणतात. ताराबाईंचं मोल मोठंच, पण त्याच्या कितीतरी आधीपासून बायका जात्यावर बोलत होत्या. सासुरवास, नवऱ्याचा मार, लेकीच्या जन्माची काळजी, घरात उघड बोलता न येणारं सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या ओव्या जमवायच्या प्रकल्पात अशा लाखाच्या आसपास ओव्या जमल्या.

गावाकडे कुणी ओव्या नोंदवणार असेल, तर घरातले पुरुष आणि सुना समोर नकोत. नाहीतर बहुधा विठ्ठलाच्या आणि भाऊरायाच्याच ओव्या मिळतात. नुसतं 'म्हणून दाखवा' म्हटलं की शब्द अडतात. जात्याशी बसवा, मूठभर जोंधळे वैरायला द्या, सोबत ओवी झेलणारी, म्हणजे तिच्यामागून म्हणणारी, दुसरी बाई हवी. माइक तोंडाजवळ धरा, जात्याची घरघर शब्द गिळते. उतरवताना 'म्या', 'लई', 'व्हतं' यांचं प्रमाण मराठी करू नका. अक्षरं कमीजास्त झाली की चाल मोडते. गाताना मधे येणारे 'बाई', 'सांगते' गाळायचे नाहीत, वेगळ्या खुणेनं दाखवायचे. आणि गाणारीचं नाव तिला विचारूनच लिहा. मारझोडीची ओवी नावानिशी छापून आली, तर त्रास तिलाच होतो.