तीन वर्षांच्या मुलीच्या सीबीसीत लिम्फोसाइट जास्त, आजोबांचे हिमोग्लोबिन कमी

नाशिककर:
माझ्या तीन वर्षांच्या मुलीचा सर्दी-ताप उतरला, तरी ती नीट जेवत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची मोजणी, करून घ्यायला सांगितले. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा दवाखाना बंद झाला होता आणि त्यातले पाच आकडे ठळक अक्षरांत होते. हिमोग्लोबिन ११.२ (कमी), एकूण पांढऱ्या पेशी १२,४०० (जास्त), त्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ३४ टक्के (कमी), लिम्फोसाइट ५८ टक्के (जास्त) आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ७४ (कमी). ‘लिम्फोसाइट जास्त’ एवढेच शोधल्यावर जे वाचायला मिळाले, त्यामुळे रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्याच दिवशी सासऱ्यांचीही तपासणी झाली. त्यांचे वय ७१ आणि हिमोग्लोबिन ११.९ आहे, पण “या वयात एवढेच असायचे” असे घरात सर्वांचे मत पडले. मुलीच्या रिपोर्टबद्दल किती काळजी करावी, हे कृपया कोणी सांगू शकेल का?

सूक्ष्मदर्शक:
ताई, प्रथम रिपोर्टचा उजवीकडचा रकाना पाहा. तेथे हिमोग्लोबिनसाठी १२ ते १५ आणि लिम्फोसाइटसाठी २० ते ४० असे छापलेले असेल, तर ती मोठ्या माणसांची मोजपट्टी आहे. रुग्णाचे वय नोंदवले असूनही संगणकात लहान मुलांच्या मर्यादा भरलेल्या नसल्या, की असे होते, आणि आयुष्यभर लॅबमध्ये काढल्यावरही मला हा निष्काळजीपणा माफ करवत नाही.

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात न्यूट्रोफिल अधिक असतात, पहिल्या आठवड्याच्या सुमारास लिम्फोसाइट त्यांना मागे टाकतात आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत त्यांचेच प्राबल्य राहते. त्यानंतर पारडे पुन्हा फिरते. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलीत ५८ टक्के लिम्फोसाइट दिसणे हे वयाला धरूनच आहे. शिवाय टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष संख्या पाहावी. १२,४०० चे ५८ टक्के म्हणजे सुमारे ७,२००, आणि या वयात ९,००० पर्यंतची संख्या चालते. एकूण पांढऱ्या पेशीही १५,००० पर्यंत असू शकतात. हिमोग्लोबिनचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ११ च्या खाली गेले तरच रक्तक्षय म्हणतात. एमसीव्ही मुलांत लहानच असतो. ‘सत्तर अधिक वयाची वर्षे’ ही खालची मर्यादा आम्ही तोंडी हिशेबाला वापरतो. मुलीसाठी ती ७३ येते.

तरीही रिपोर्टच्या तळाशी स्मिअरबद्दलची, म्हणजे काचपट्टीवर पसरून पाहिलेल्या रक्ताबद्दलची, ओळ वाचा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच, कारण काचपट्टीवर पेशी कशा दिसल्या हे आकड्यांतून कळत नाही. हिमोग्लोबिन मर्यादेच्या काठावर आहे, तेव्हा तिच्या आहाराविषयीही विचारून घ्या.

घाटमाथा:
मला मुलीपेक्षा आजोबांची काळजी वाटते. वयात आल्यावर पुरुष आणि स्त्रियांचे आकडे वेगळे होतात, त्याआधी मुलगा-मुलगी असा फरक करावा लागत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषांत तांबड्या पेशींची निर्मिती वाढते, तर स्त्रियांचे रक्त मासिक पाळीत जाते. म्हणून पुरुषांसाठी १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ही रक्तक्षयाची सीमा धरतात. सत्तरी ओलांडली म्हणून ती सीमा खाली सरकत नाही. माझ्या वडिलांचे हिमोग्लोबिन दोन वर्षे हळूहळू उतरत होते, आम्हीही ते वयावर ढकलले आणि शेवटी मोठ्या आतड्यातून रक्त जात असल्याचे निघाले. आजोबांचा एमसीव्ही किती आहे, आणि मागचा एखादा रिपोर्ट घरात आहे का?

नाशिककर:
आपण विचारल्यावर फाइल काढली. त्यांचाही एमसीव्ही ७४ च आहे! दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १४.१ आणि एमसीव्ही ८८ होता. औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून सुरू कराव्यात, असे यजमान म्हणत आहेत.

सूक्ष्मदर्शक:
तोच ७४ नातीला शोभतो, आजोबांना नाही. मोठ्या माणसात ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान झाल्या. थॅलेसेमियाच्या वाहकांतही त्या लहान असतात, पण तो गुण जन्मापासूनचा असतो, दोन वर्षांत ८८ वरून ७४ वर येत नाही. येथे लोहाची कमतरता हीच पहिली शंका आहे आणि या वयाच्या पुरुषात ती केवळ जेवणामुळे आली असे गृहीत धरू नये, पोटातून किंवा आतड्यातून रक्त जात नाही ना, हे पाहावेच लागते. गोळ्यांनी आकडा वर येईल आणि कारण मात्र झाकले जाईल. शिवाय लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, मग रक्तस्रावामुळे काळे झाले की गोळीमुळे, हे सांगणे अवघड जाते. म्हणून आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा घटक, तपासून घ्यावे आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जावे. आजोबा अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीची गोळी रोज घेत असतील तर तेही सांगा, मात्र ती मनाने बंद करू नका.

नाशिककर:
हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन सहा वर्षांपासून सुरू आहे. उद्या सकाळी आधी त्यांना घेऊन जाते, मुलीची वेळ संध्याकाळची आहे.