नास्तिक म्हणे स्वतः विचार करून होतात!

खवट_खोबरं: काल इथे एकाने लिहिलं, "आस्तिक घरच्या वळणाने होतात, नास्तिक विचार करून." डोकं फिरलं. माझे बाबा अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे. नारळातून करणी काढून दाखवायचे, जिभेवर कापूर जाळायचे. शेजारची पोरं रामरक्षा घोकायची, मी "चमत्कार म्हणजे हातचलाखी" घोकायचो. विचार कोणी केला? २०१३ च्या ऑगस्टमध्ये अंनिसच्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा आमच्याकडे चूल पेटली नाही, सुतकच ते.

घाटावरची: तुमचं तुमच्यापाशी. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती, कडक सोवळं. तेराव्या वर्षी चार दिवस बाजूला बसवलं, आरती दारातून ऐकली. तेव्हाच सुटला देव. कोणी शिकवलं नव्हतं मला.

पंचखाद्य: ताई, तो विचार नाही, राग आहे. रुसलात तुम्ही देवावर.

घाटावरची: रुसले?? एकशे एक मोदक वळायला आई, काकू, आजी आणि टाळ कुटायला तुम्ही लोक!

पंचखाद्य: मग मागवा की बाहेरून, हल्ली घरपोच मिळतात.

घाटावरची: सोवळ्यात बाहेरचं चालतं का? दाखवा चालवून तुमच्या आईसमोर.

पंचखाद्य: आईवर जायचं काम नाही. आणि मी स्वतः उकड काढतो, कळ्या पण पाडतो.

खवट_खोबरं: अहो धागा कशावर आहे?

घाटावरची: यावरच आहे! मुलगी जन्मभर देव मानते ते स्वयंपाकघरात, आणि मुलगा देवघरात. एक संस्कार कसा होईल?

निळी_शाई: जरा ऐका. आजोबा १९५६ ला नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि देव्हाराच उचलला, देवांचे टाक नदीत सोडले. आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाढ्यांसारख्या पाठ केल्या. आजी गेल्यावर ज्वारीच्या कणगीत फडक्यात बांधलेला खंडोबाचा टाक निघाला. पन्नास वर्षं ठेवला होता बाईने, कोणाला पत्ता नाही. पण आजोबांचं वळण नव्हतं हां, ते देवभक्त घरात वाढले आणि चाळिशीत सोडलं. वळणानेच होतं म्हणणाऱ्यांनी त्यांचं काय करायचं?

खवट_खोबरं: आजोबा एकटे गेले नव्हते, लाखो लोक होते सोबत.

निळी_शाई: लाखो होते म्हणून काय डोकं घरी ठेवून गेले होते?

खवट_खोबरं: बरं बाबा, आजोबांना सूट. मला नाही, मी बाबांचीच री ओढतोय.

पंचखाद्य: त्या टाकाचं काय केलंत पण?

निळी_शाई: आईच्या कपाटात आहे. विचारलं की म्हणते, चांदी आहे, टाकवत नाही.