होडीचं जुनं मशीन सुरूच होत नाहीये, मदत हवी (अर्जंट)

खाडीकाठ: दोरी ओढून ओढून खांदा भरून आला पण मशीन पकडतच नाही. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली, सगळ्यांच्या होड्या बाहेर जातायत आणि आमची देवबागला किनाऱ्यावर पडून आहे. प्लग नवीन टाकलेत. मेकॅनिक आज येतो उद्या येतो करतोय. काय बघू ते पटकन सांगा.

हर्णैकर: किती एचपी? टू स्ट्रोक की फोर? पेट्रोल की रॉकेल? काहीच लिहिलं नाहीस भावा.

खाडीकाठ: टू स्ट्रोकच की. ९.९, दोन सिलिंडर, पेट्रोलवर. मे महिन्यात मस्त चालत होतं.

डोलकाठी: विकून टाक आणि फोर स्ट्रोक घे. आम्ही घेतलं, ऑइल मिसळायची कटकट गेली, पेट्रोल पण कमी खातं.

हर्णैकर: त्याला उद्या जाळी टाकायची आहेत हो, नवीन मशीनचे पैसे कुठून आणेल? आणि फोर स्ट्रोक वजनाला जड, छोट्या होडीला रोज काढघाल करणाऱ्याने काय करायचं?

डोलकाठी: माझा अनुभव सांगितला, जबरदस्ती नाही.

जुना_फिटर: आधी स्टॉप स्विचची लाल क्लिप बघ, ती निघालेली असेल तर दिवसभर ओढलंस तरी चालू होणार नाही. गिअर न्यूट्रलला हवा. मग दोन्ही प्लग काढ. ओले आहेत की कोरडे? कॅपमध्ये घालून बॉडीला टेकव, प्लगच्या भोकापासून लांब धर आणि दोरी ओढून ठिणगी बघ. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून घट्ट होतो का तेही सांग.

रापणवाला: तळाला शंख चिकटले असतील तर होडी उलटी करून खरवडून घ्या आणि रंग मारा, स्पीडमध्ये लय फरक पडतो.

खाडीकाठ: क्लिप जागेवर आहे. ठिणगी दोन्हीकडे निळी येते. फुगा घट्ट होतो. प्लग कोरडे ठणठणीत.

जुना_फिटर: मग इग्निशनला, म्हणजे ठिणगीच्या बाजूला, हात लावू नको, पेट्रोल आत पोचत नाहीये. दोन्ही भोकांत अर्धा अर्धा चमचा पेट्रोल टाक, प्लग लाव आणि ओढ. क्षणभर पेटून बंद पडलं तर कार्बोरेटरच, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून आत सोडणारा भाग. टाकीत मे महिन्यातलंच पेट्रोल आहे का?

खाडीकाठ: हो तेच आहे, अर्धी टाकी. महागाचं आहे, ओतून कसं देणार? चमच्याने टाकल्यावर भर्र करून बंद पडलं!!

हर्णैकर: हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवली की झालंच.

डोलकाठी: इथेनॉलचं काही नसतं, ऑइल जास्त पडलं असणार. १:५० म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, आमच्याकडे अंदाजाने ओततात.

जुना_फिटर: ऑइल जास्त झालं की प्लग काळे ओले होतात, याचे कोरडे आहेत. खाडीकाठ, कार्बोरेटरच्या वाटीखाली ड्रेनचा स्क्रू असतो तो सोड आणि काचेच्या ग्लासात धर.

खाडीकाठ: धरलं. तळाला पाण्याचे थेंब वेगळे दिसतायत आणि पिवळा चिकट थर पण आहे.

जुना_फिटर: वाटी उतरव, जेट (पेट्रोल जातं ती बारीक भोकाची नळी) काढ, कार्ब क्लीनर मार आणि हवेने फुंक. तार घालू नको, भोक मोठं होईल. नीडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) वर-खाली मोकळी हलते का बघ. टाकी आणि नळी पूर्ण रिकामी कर, ताजं पेट्रोल ऑइल मिसळून भर. जुनं परत टाकलंस तर जेट पुन्हा बुजेल.

खाडीकाठ: क्लीनर मालवणला मिळेल ना? आत्ताच निघतो.