बाइक रायडिंग तिकडचं आणि आपलं: फरक रस्त्यांचा की लायसनचा?

रानवाट:
जर्मनीत नोकरीला होतो तेव्हा तिथलं बाइकचं लायसन काढलं, आता परत आलोय आणि पुण्यात रोज बाइकच चालवतो. इथे जो तो म्हणतो तिकडचे रस्ते गुळगुळीत म्हणून रायडिंग सेफ. मला हे अजिबात पटत नाही, खरा फरक लायसनचा आहे. तिकडे आधी फर्स्ट एडचा कोर्स, मग थिअरी, मग शिकवणाऱ्यासोबत १२ स्पेशल राइड्स सक्तीच्या, ५ गावाबाहेरच्या रस्त्यांवर, ४ हायवेवर आणि ३ अंधारात. मागून कारमधून सर येतात आणि हेल्मेटमधल्या इअरफोनवर सतत सूचना चालू. परीक्षेत ५०च्या स्पीडने येऊन कमीत कमी अंतरात थांबायचं, परत ५०ने येऊन ब्रेक न लावता अडथळा चुकवून पुन्हा आपल्या लाइनीत यायचं. गुडघे टाकीला घट्ट, हात ताठ नाहीत, नजर समोर, आणि पुढचा ब्रेक झटका न देता आवळत न्यायचा, हे घोटून घेतात. आपल्याकडे पुढचा ब्रेक लावला की गाडी पडते असं घरोघरी सांगितलं जातं, त्यामुळे कितीतरी लोक त्याला हातच लावत नाहीत, फक्त मागच्यावर उभे राहतात आणि गाडी घसरत जाते. आरटीओत आठ काढला, पाय टेकला नाही, की झालं लायसन!

बांधावरचा:
दादा, लायसनचं कौतुक ठीक आहे पण तुलनाच चुकतेय. तिकडे बाइक ही हौस आहे. जर्मनीत अशी नंबरप्लेट मिळते की तिच्यावर महिनेच छापलेले असतात, मार्च ते ऑक्टोबर वगैरे, बाकीचे महिने गाडी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे दारात कार आहे, थंडीत ती चालते. आमच्याकडे बाइक म्हणजे दुधाचे कॅन, खताची गोणी, पोरीची शाळा आणि रात्री आईला दवाखान्यात न्यायचं, सगळं एकाच गाडीवर. तिकडे लायसनला लाखांत खर्च येतो, तसं इथे केलं तर लोक लायसन काढायचंच सोडून देतील, आत्ताच गावात बिनलायसनचे कमी नाहीत. आणि रस्त्याचं काहीच नाही कसं म्हणता? हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चाललेला असतो, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर चिखलाने माखलेली, त्यात समोरून कोणीतरी हायबीम मारत येतो. त्या दोन सेकंदांत तुमच्या १२ राइड्स काय करणार?

रानवाट:
अंधारातल्या राइड्स नेमक्या त्यासाठीच असतात ना. आपल्याला जेवढं दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच स्पीड ठेवायचा, हा तिकडे नुसता सल्ला नाही, कायदा आहे. समोरच्याचा हायबीम डोळ्यात गेला की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्यायची. हे कोणी शिकवलंच नाही तर माणूस अंदाजाने पुढे रेटतो. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच, मी ती नाकारत नाही.

बांधावरचा:
पांढरी पट्टी आमच्या रस्त्याला असती तर वाद कशाला घातला असता?

मीनल_१२:
दोघांशी असहमत. हौस, पोटापाणी, ट्रेनिंग हे सगळं नंतर, आधी अंमलबजावणी. व्हिएतनाम बघा, तिथेही घरोघरी बाइक, सगळं कुटुंब आणि सगळा माल तिच्यावरच, श्रीमंत देशही नाही. १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं केलं, दंड खरोखर वसूल केला, आणि अगदी थोड्या दिवसांत बहुतेक सगळे हेल्मेट घालायला लागले. आपल्याकडे १९८८च्या कायद्यात कलम १२९ आहेच की, आणि ते मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा २०२२चा अहवाल वाचा, त्या वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीवरचे लोक गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसतं कोण? बायको, आई, मुलगी. चालवणाऱ्याच्या डोक्यावर चांगलं हेल्मेट, मागे बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर बाळ आणि एका हाताने पदर सावरतेय, हे मी रोज बघते आणि मला प्रचंड राग येतो. घरात दुसरं हेल्मेट घ्यायला जर्मनीचं लायसन लागत नाही.

घाटमाथा:
मीनलताईंना +१. बाकी तिकडचे सगळे फार शिस्तीचे हा समज सोडा. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये बाइकच्या आवाजाला गावकरी इतके वैतागले की २०२०पासून काही रस्त्यांवर उन्हाळ्यात ९५ डेसिबलवरच्या बाइक्स बंद केल्या. अमेरिकेत इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्तीच नाही. आणि तिकडचे रायडर रस्त्यात भेटले की एकमेकांना हात दाखवतात, फ्रान्समध्ये पुढे जाऊ दिलं की पाय बाहेर काढून थँक्यू म्हणतात, त्याचंही फार कौतुक होतं. तिकडे बाइकवाले मोजके, म्हणून ओळख दाखवतात. आपल्या एका सिग्नलला पन्नास बाइक उभ्या असतात, कोणाकोणाला हात करणार? तेच लडाखला जा, समोरून येणारा प्रत्येक रायडर अंगठा दाखवतो. आणि आपल्याकडे चेन तुटून घाटात उभे राहिलात तर टूलकिट नसलेला माणूससुद्धा थांबून विचारतो, हे मला तरी फार मोलाचं वाटतं.

रानवाट:
थांबून विचारतात हे शंभर टक्के खरं. पण तो थांबणारा माणूस जखमीला कसं हलवायचं हे न कळता हात-पाय धरून उचलतो आणि हेल्मेट ओढून काढतो, मानेला मार असेल तर तिथेच घात होतो. म्हणून म्हणतो लायसनआधी फर्स्ट एड हवंच. ते शिकवायला ना गुळगुळीत रस्ते लागतात ना लाखांचा खर्च.

बांधावरचा:
फर्स्ट एडचं मान्य, ब्रेकचंही शिकवा. पण फी घेऊन शहरातल्या क्लासमध्ये नको, बाजाराच्या मैदानात, आमच्याच जुन्या गाड्यांवर शिकवा, कारण एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी बाइक गावात मोजक्यांकडे आहे. आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायचं काम कारखान्याने हंगाम सुरू व्हायच्या आधी करायचं, ते माझ्या लायसनवर ढकलू नका.