यूरिक ॲसिड: यजमानांचे ६.९ चालते, मग माझे ६.६ का नाही?

रामबागेतली काकू: आम्ही उभयतांनी गेल्या आठवड्यात इंदुरात एकाच ठिकाणी रक्त तपासून घेतले. यजमानांचे यूरिक ॲसिड ६.९ आणि माझे ६.६ आले, तरीही तारांकन माझ्याच आकड्यापुढे आहे, कारण पुरुषांसाठी मर्यादा ७ आणि स्त्रियांसाठी ६ छापली आहे. माझे वय ५४ असून पाळी थांबून चार वर्षे झाली. सांधे मुळीच दुखत नाहीत. एकाच घरच्या पोळीभाजीवर जगणाऱ्या दोघांना दोन मापे का लावावीत?

सराफ्याचा शेजारी: तुरीची डाळ आणि पालक बंद करावेत. आमच्या साडूंना त्यानेच गुण आला.

निवृत्त तंत्रज्ञ: डाळीला उगाच बदनाम करू नये; गाउटशी, म्हणजे यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत, बहुधा आधी पायाच्या अंगठ्यात, साचून होणाऱ्या संधिवाताशी, मांस-मासळीचा जसा संबंध दिसतो, तसा डाळी-भाज्यांचा आढळलेला नाही.

काकू, यूरिक ॲसिडचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्याला हातभार लावते. म्हणून पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांची पातळी पुरुषांपेक्षा कमी राहते आणि नंतर चढू लागते. पाळी थांबल्याखेरीज स्त्रीला गाउट होत नाही, असे हिपोक्रेटीसनेही नोंदवले होते. स्फटिक मात्र स्त्री-पुरुष असा भेद करत नाहीत, सुमारे ६.८ च्या पुढे ते दोघांतही तयार होऊ शकतात. त्या हिशेबाने तारांकन यजमानांनाही मिळायला हवे होते!

तरीही आपला आकडा मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. रक्तातील इन्सुलिन वाढलेले राहिले की मूत्रपिंडे यूरिक ॲसिड धरून ठेवतात, आणि चयापचयाच्या विकारांशी असलेला त्याचा संबंध अनेक पाहण्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक ठळक दिसला आहे. म्हणून पायाच्या अंगठ्याची काळजी करण्याआधी कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आहे का ते मोजावे आणि उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) व रक्तदाब तपासावा. रक्तदाबाची गोळी चालू आहे का?

रामबागेतली काकू: होय, दोन वर्षांपासून. वेष्टनावर हायड्रोक्लोरोथायझाइड असे लिहिले आहे. कंबर ८८ भरली.

निवृत्त तंत्रज्ञ: त्या औषधाने यूरिक ॲसिड वाढते. ते आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना अहवाल दाखवून पर्याय विचारावा. काही लक्षण नसताना यूरिक ॲसिड उतरवण्याची गोळी सहसा देत नाहीत, तेव्हा तीही परस्पर आणू नये. सकाळच्या पोह्यांना माझी हरकत नाही; सोबतची जिलबी मात्र, साखरेचा निम्मा भाग असलेले फ्रुक्टोज यकृतात मोडताना यूरिक ॲसिडच तयार होत असल्यामुळे, सणावारापुरती ठेवावी. यजमानांनीही.