गेमची दुसरी सीडी तडकली, मित्राकडून फाइल घेतली तर चालेल का?

जुनीपेटी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार सीड्यांचा एक जुना पीसी गेम आहे, ओरिजिनल, खोका आणि पुस्तिकेसकट, वीसेक वर्षं जपून ठेवलेला. परवा मुलीला दाखवायला म्हणून हौसेने बाहेर काढला तर दुसरी सीडी मधल्या भोकापासून नखभर तडकलेली निघाली, आणि तिसरीवर एवढे ओरखडे की इन्स्टॉल ६८ टक्क्यांवर येऊन अडकतं, ड्राइव्ह घरघर करत बसतो आणि शेवटी फाइल वाचता येत नाही म्हणून मेसेज येतो. गेम काढणारी कंपनी कधीच बंद पडलीये त्यामुळे बदलून मागायचं तरी कोणाकडे. सीडी-की (इन्स्टॉल करताना टाकायचा नंबर) पुस्तिकेवर शाबूत आहे. एका मित्राकडे हाच गेम आहे, तो म्हणतोय आयएसओ (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल) करून पेन ड्राइव्हवर देतो. नेटवर टॉरेंटही (लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइल घेतात ते) दिसतंय. मी एकदा पैसे मोजलेत, मग हे चोरीत कसं काय मोडतं? आणि ते ओरखडे टूथपेस्टने जातात म्हणतात, खरंय का?

चकतीदुरुस्ती
आधी हात जोडून सांगतो, ती तडकलेली सीडी परत ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२एक्सच्या (५२ पट वेगाच्या) ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते, भोकापासून निघालेली चीर त्या वेगात क्षणात कडेपर्यंत जाते. माझ्याकडे झालंय हे, फाडकन आवाज आला, ट्रे कसाबसा उघडला तर आत नुसता चुरा, लेन्सपण गेली.

तिसरीचं मात्र जमू शकतं. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत ते बघा. सीडी म्हणजे १.२ मिमी जाड पॉलिकार्बोनेट, पण डेटाचा थर त्याच्या वरच्या अंगाला, छापील बाजूच्या अगदी खाली, मध्ये फक्त लॅकरचा पातळ हात. म्हणजे चकचकीत बाजूचा ओरखडा हा नुसत्या प्लास्टिकवरचा, तो पॉलिश होतो. छापील बाजूने चरा पडला असेल तर डेटाच खरवडला गेला, तिथे काहीच करता येत नाही. दिव्यासमोर धरा, टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार आला तर ती जागा गेली समजा.

टूथपेस्ट बारीक ओरखड्यांना चालते, साधी पांढरी, जेल नको, मऊ कापडाने आतून कडेकडे सरळ घासायचं, गोल अजिबात नाही. डेटा गोल फिरत लिहिलेला असतो आणि सीडीत चुका भरून काढायची सोय असते, ती सलग साधारण अडीच मिमीपर्यंतचं नुकसान सांभाळून घेते. आडवा ओरखडा ट्रॅकला एका ठिकाणी छेदतो म्हणून निभावतं, तोच ट्रॅकच्या बाजूने गोल गेला तर सलग डेटा जातो. (ब्लू-रेला हा प्रयोग करू नका, तिथे डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमीवर असतो.)

मग डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा प्रोग्राम) लावून रात्रभर वाचू द्या. अडलेले सेक्टर (डेटाचे छोटे तुकडे) ते सोडून पुढे जातं आणि मागाहून परत परत प्रयत्न करतं. नाहीच जमलं तर दुसरा ड्राइव्ह जोडून तीच अर्धवट फाइल पुढे चालवा, एकाला न वाचलेलं दुसरा वाचतो, हे मी कितीदा बघितलंय.

कलमकसाई
कायद्याचं सांगतो. पैसे मोजले ते त्या प्रतीचे आणि ती वापरायच्या परवान्याचे, गेमवरचा हक्क काही आपल्याकडे आला नाही. प्रत खराब होईल म्हणून बॅकअप ठेवायची मुभा बऱ्याच देशांत आहे, भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये, अमेरिकेत कलम ११७, युरोपात २००९ चा सॉफ्टवेअर निर्देश. पण ती मुभा ज्याच्या हातात कायदेशीर प्रत आहे त्याने स्वतःसाठी कॉपी करायची. तुमचा मित्र स्वतःच्या सीडीचा बॅकअप खुशाल करू शकतो, तो तुमच्या हातात दिला की ते वाटप झालं, आणि त्यात तुमच्याआधी तो अडकतो, हे त्याला सांगा तरी.

टॉरेंट तर नकोच. लोकांना वाटतं आपण फक्त उतरवून घेतोय, पण जे तुकडे आपल्याकडे येतात ते त्याच वेळी आपल्या मशीनवरून दुसऱ्यांनाही जात असतात. म्हणजे नकळत वाटणारे आपणच.

कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही, तो बहुधा कोणीतरी विकत घेतलेला असतो. अबँडनवेअर (मालकाने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर) हा शब्द कायद्यात नाहीच. मालकाने स्वतः मोकळा केला तर गोष्ट वेगळी, जसा एल्डर स्क्रोल्स या गेममालिकेचा पहिला भाग अरीना बेथेस्डा कंपनीने २००४ मध्ये फुकट दिला, दुसरा भाग डॅगरफॉल २००९ मध्ये. तुमच्या गेमचे हक्क आता कोणाकडे आहेत ते शोधा, मेल टाका, काही जण जुनी सीडी-की घेऊन डाउनलोड देतात. मला एकाकडून तीन आठवड्यांनी उत्तर आलं होतं, पण आलं.

रात्रपाळी
वरच्या दोघांना अनुमोदन. अजून एक, सीडी वाचली तरी गेम सुरू होईलच असं नाही. त्या काळच्या कितीतरी गेममध्ये सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन असायचं, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१५ पासून चालतच नाही. आणि ते तोडणारा पॅच शोधायला गेलात तर बऱ्याच देशांत कुलूप तोडणं हा वेगळा गुन्हा आहे, सीडी स्वतःची असली तरी. जुन्या विंडोजचा एखादा कॉम्प्युटर मिळाला तर बघा.

आणि मित्र तो गेम खेळतो का हो? खेळत नसेल तर फाइल कशाला, ओरिजिनल खोकाच मागा की. सीडी देऊन टाकणं किंवा विकणं ही कॉपी नव्हेच, फक्त त्याने स्वतःकडे कॉपी ठेवायची नाही.

जुनीपेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी सीडी रात्रभर लावली, पहाटे बघितलं तर अकरा सेक्टर बाकी, मग मित्राचा एक्स्टर्नल ड्राइव्ह आणून जोडला आणि तेही वाचले. तो ड्राइव्ह आणायला गेलो तेव्हाच रात्रपाळींनी सांगितलं तसं विचारलं, तर त्याने माळ्यावरून खोकाच काढून हातात ठेवला, म्हणाला मी काही आता खेळत नाही, तुझ्या पोरीला दे. त्याची दुसरी सीडी स्वच्छ आहे. त्याच्या हार्ड डिस्कवर एक आयएसओ होती ती माझ्यासमोर काढून टाकली. आता जुना लॅपटॉप सुरू होतोय का बघतो, सेफडिस्क आहे का ते खोक्यावर कुठे लिहिलेलं असतं का?